नोसोत्रोस

शुक्रवारी तास सुटल्यावर जिन्यात
हिमेना म्हणाली, नोसोत्रोस आज फेदेकडे जमतोय.
मफलर गुंडाळला आणि गेली.

नोसोत्रोस.
म्हणजे आम्ही, की आपण?
माझ्या भाषेत असा घोळ होत नाही.
'आम्ही जमतोय' म्हटलं की ऐकणारा
गुपचूप स्वतःच्या वाटेला लागतो,
'आपण' म्हटलं की विचारतो, येताना काय आणू?
या लोकांकडे असण्यालाच दोन क्रियापदं,
एक मुळातलं, एक तेवढ्यापुरतं,
पण दार उघडं की नुसतं लोटलेलं
हे सांगणारं सर्वनाम नाही.

मी द्राक्षं घेऊन साडेआठला हजर.
फेदे ओल्या केसांनी दारात. मागे रिकाम्या खुर्च्या.
मोन्तेविदेओत शुक्रवारची रात्र
अकराच्या आत जागी होत नाही
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
त्याच्या आईने, नेल्लीने, मला ओट्याशी ओढलं.
नाव विचारलं. मी लिहून दाखवलं, वैजयंती.
तिच्या तोंडी व चा ब झाला, ज चा ह, य चा श:
बाइहाशान्ती.
दुसऱ्या घाण्यापर्यंत पुढचं सगळं झडून
शान्ती तेवढी उरली.
शान्ती, मीठ. शान्ती, झाकण.
एम्पानादांच्या कडेला मी मुरड घातली
तेव्हा तिने चष्मा पुसला
आणि पुन्हा पाहिलं.

शनिवारी, म्हणजे खरं तर रविवारी पहाटे दोनला, नाचायला.
मला नाचता येतं, पण माझी कंबर आणि माझे पाय
वेगवेगळ्या शाळेत शिकलेत.
मी कोट सांभाळले.
सात कोट मांडीवर.
एकाच्या खिशात संत्र्याची सालं,
एकाच्या खिशात थरथरणारा फोन,
मामा, मामा, मामा.
इथं आईला मामा म्हणतात. मी उचलला नाही,
वरून नुसता हात फिरवत राहिले.
साडेपाचला एकेकाने येऊन आपापला कोट उचलला
आणि माझी मांडी गार पडली.

रविवारी संध्याकाळी पालेर्मोच्या गल्लीत
फुटपाथच्या कडेला पुठ्ठे पेटवून
ढोल शेकत ठेवलेले.
कातडं तापेल, ताणेल, मग बोलेल.
हलगीही अशीच शेकतात. मी बोलले नाही.
'आमच्याकडेही' म्हणून म्हणून जीभ झिजली आहे.

माते फिरत होता. एकच पेला, एकच नळी.
माझ्यापर्यंत आला. प्यायले. कडू जहर.
परत देताना म्हटलं, ग्रासियास.

पुढच्या फेरीत मला वगळलं.
त्याच्या पुढच्याही.
थर्मास काखेत धरलेला विल्मार
माझ्या डोक्यावरून हात नेऊन फेदेला देत होता.
नदीकडून वारा, घशाला कोरड,
आणि मी चुका मोजत बसलेली:
नळी हलवली? तोंड वाकडं केलं?
शेवटी विचारलंच.
अगं, तूच म्हणालीस ना ग्रासियास, तो म्हणाला,
पुरे झालं तो म्हणतो तसं.
ज्याला आणखी हवं, तो गप्प परत देतो.

मला हसू फुटलं. घरच्यांचे आभार
आमच्याकडेही...
गिळलं.

पेला आला. प्यायले. गप्प दिला.
पुन्हा आला.
मग ढोल खांद्यांवर चढले आणि गल्ली
मुंगीच्या पावलांनी पुढे सरकू लागली,
बायका, कुत्री, एक व्हीलचेअर, माझे शिकवून न शिकलेले पाय,
कोट ज्याचा त्याच्या अंगावर.

रात्री आईचा फोन. तिकडे सोमवार उजाडत होता.
कोण कोण होतात गं?
मी म्हटलं, आपण सगळे होतो की,
हिमेना, फेदे, विल्मार...

आपण? आई म्हणाली.
मी कुठे होते?

आणि दूध वर आलं म्हणून
फोन तसाच ओट्यावर ठेवून गेली.